बारशाच्या पत्रिकेवर छापण्याआधी : 'मायरा'चा अर्थ कसा शोधायचा

बारशाच्या पत्रिकेवर मुलीच्या नावाखाली बारीक अक्षरात अर्थ छापायची पद्धत आमच्या बेळगावात आता चांगलीच रुजलीय. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, कुठलंही गिऱ्हाईक घ्या. वर गणपती, मग कुलदैवत, मग आजी-आजोबा, मग बाळाचं नाव ठळक, आणि त्याखाली ती एक ओळ. सई, गार्गी, मैत्रेयी असेल तर अडत नाही, घरातलं कुणीतरी सांगतं. अडतं इंग्रजी नावाला. मग आत्या मोबाइल पुढे करते. "अक्का, ह्यात बघा की, 'प्रिय, सुंदर, राजकुमारी' असं हाय. तेवढं घाला." मी विचारते, कुठल्या भाषेत प्रिय? त्यावर आत्या मोबाइलकडे बघते, मी आत्याकडे बघते.

डीटीपीच्या खुर्चीत बसून नावं टाइप करता करता मला या शोधाची गोडी लागली. पत्रिका एकदाची छापली की घरोघरी कपाटात राहते, आणि मुलगी मोठी झाल्यावर ती वाचणार असते. म्हणून छापायच्या आधी अर्ध्या तासाचं काम करावं. ते कसं करायचं, ते सध्या सगळ्यांत जास्त मागणी असलेल्या मायरा या नावावर करून दाखवते.

आधी घरच्यांना विचारा, मग नेटला

पहिला प्रश्न नावाच्या अर्थाचा नसतो. नाव घरात आलं कसं, हा असतो. मायराच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा भटजींपाशी निघतं. मघा नक्षत्राची चरणाक्षरं मा, मी, मू, मे. मघावर मुलगी झाली, अक्षर 'मा' आलं. माधवी, मालती, मानसी जुनी वाटली, की गाडी मायरावर येऊन थांबते. रोहिणीची अक्षरं ओ, वा, वी, वू, म्हणून 'व'वाल्यांकडून वनेसा येते. म्हणजे नाव कानाला आवडलं म्हणून निवडलंय, अर्थ नंतर चिकटवायचाय. त्यात काही वाईट नाही. पण मग अर्थ शोधताना 'आम्हाला हवा तो' निघेल अशी आशा सोडून द्यायची.

दुसरा प्रश्न स्पेलिंगचा, आणि इथे कंटाळा करू नका. इंग्रजीत एम-वाय-आर-ए लिहिलं तर ते एक नाव. एम-ओ-आय-आर-ए म्हणजे मोइरा. ते आयर्लंडच्या 'मॉइरे'वरून, म्हणजे मेरीचंच आयरिश रूप. एम-आय-आर-ए लिहिलं की आपली मीरा, नाहीतर पूर्व युरोपातली मिरा. तिथल्या भाषांत 'मिर' म्हणजे शांतता. एम-ए-वाय-आर-ए हे स्पेलिंग स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत जास्त दिसतं. नावं सांगणाऱ्या साइटवर या सगळ्यांचे अर्थ एकाच पातेल्यात ढवळलेले असतात. जन्मदाखल्यावर जे स्पेलिंग जाणार आहे तेच कागदावर लिहून समोर ठेवा आणि तेवढंच शोधा.

नाव कुठल्या वाटेनं आलं

इंग्रजी मुलींची नावं मोजक्या वाटांनी येतात, आणि वाट कळली की निम्मं काम झालं.

बायबलची वाट सगळ्यांत सरळ. कॅम्पातल्या आणि खानापूरकडच्या ख्रिस्ती घरांत ही नावं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांना अर्थ छापायचा नसतो, संताचा दिवस माहीत असतो. एलिझाबेथ घ्या : मूळ हिब्रू एलिशेवा, त्यात 'देव' आणि 'शपथ' हे दोन शब्द, आणि मराठी बायबलात तीच अलीशिबा. इथे शोधायला फार काही उरत नाही.

फुलं आणि रत्नं : लिली, रोझ, रूबी, पर्ल. अर्थ नावावरच लिहिलेला. डेझी तेवढी गमतीची. जुन्या इंग्रजीत त्या फुलाला 'दिवसाचा डोळा' अशा अर्थाचं नाव होतं, कारण ते सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं.

तिसरी वाट गावाच्या नावाची, आणि इथे आपली माणसं हमखास चुकतात. शर्ली, ॲशली, बेव्हर्ली ही मुळात इंग्लंडमधली ठिकाणं. ठिकाणावरून आडनाव झालं, आडनावावरून मुलग्याचं नाव आणि शेवटी मुलीचं. शर्ली या नावाची गावं इंग्लंडात एकापेक्षा जास्त आहेत. जुन्या इंग्रजीत 'शिर' म्हणजे उजळ आणि 'लेआ' म्हणजे रानातली मोकळी जागा. ॲशलीतही तोच 'लेआ', पुढे ॲश नावाचं झाड. आपल्याकडे निपाणीकर आडनावाचा अर्थ कुणी विचारत नाही, विचारलाच तर निपाणीचा विचारतात. तसंच हे. शर्लीचा अर्थ एखाद्या साइटवर 'तेजस्विनी' दिसला तर समजायचं की कुणीतरी 'उजळ' तेवढं उचललं आणि रान टाकून दिलं.

शर्ली मुलीचं नाव झालं त्याला कारण एक कादंबरी. १८४९ साली शार्लट ब्राँटेने नायिकेला ते दिलं. कथेत आईबापाला मुलगा हवा असतो, होते मुलगी, तर मुलग्यासाठी ठरवलेलं नावच तिला देतात. १९३०च्या दशकात शर्ली टेंपल ही लहानगी सिनेमात आली आणि मुलग्यांनी त्या नावाचा नाद सोडला. आमच्या बेळगावात बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात, त्यामुळे मला यात काही नवल वाटलं नाही.

चौथी वाट लेखक-कवींची, आणि मायरा तिथलीच आहे.

मायरा : पहिलं नाव कागदावर कुणी लिहिलं

इथे एकच प्रश्न धरून बसायचं : हे नाव सगळ्यांत आधी कुणी आणि कधी वापरलं? अर्थाच्या मागे लागलात तर दहा उत्तरं मिळतील, पहिल्या वापराच्या मागे लागलात तर एक.

मायराचं उत्तर आहे फुल्क ग्रेव्हिल. जन्म १५५४, मृत्यू १६२८. एलिझाबेथ राणीच्या दरबारातला माणूस, पुढे जेम्स राजाचा खजिना सांभाळणारा मंत्री, कवी फिलिप सिडनीचा जिवलग मित्र. शेवट वाईट झाला, घरच्याच नोकराने भोसकलं. त्याच्या प्रेमकविता मरणानंतर १६३३ साली छापून आल्या. त्यांत प्रेयसीला तो कधी सीलिका म्हणतो, कधी सिंथिया, तर कधी मायरा. खऱ्या बाईचं नाव उघड करायचं नाही म्हणून कवितेपुरतं नाव घ्यायचं, अशी तेव्हाच्या कवींची रीतच होती. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं मायरा कवितांत आणि कथांतच राहिली. खऱ्या मुलींना हे नाव ठेवायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकात.

मग ग्रेव्हिलने हे नाव कशावरून केलं? कोशकार दोन-तीन शक्यता सांगतात. एक, मेरी या नावाची अक्षरं उलटसुलट केली. एम-ए-आर-वायची एम-वाय-आर-ए, जमतं. दुसरी, लॅटिनमधला 'मिऱ्हा' हा शब्द. तिसरी, लॅटिनमधलंच 'मिरारी' हे क्रियापद, म्हणजे थक्क होऊन बघणं. शेक्सपिअरने मिरांडा हे नाव याच क्रियापदावरून घडवलं.

मला स्वतःला दुसरी शक्यता आवडते, कारण तो मिऱ्हा आमच्या बाळंतिणीच्या खोलीतच असतो. मिऱ्हा म्हणजे हिराबोळ. काष्ठौषधीवाल्याकडे 'बाळंतिणीचं सामान द्या' म्हटलं की डिंक, आळीव, बाळंतशोपा यांच्यासोबत एक छोटी पुडी तो बांधतो, ती ही. उघडून बघा. लालसर तपकिरी खडे, वरून पीठ भुरभुरल्यासारखे धुळकट. एखादा बत्त्याने फोडला की आतली कड काचेसारखी चकाकते. वास गोडसर, उदाच्या जवळचा. जिभेला लावला की कडूजहर. सोमालिया, इथिओपिया, अरबस्तानाकडच्या काटेरी झाडांची साल चिरली की हा चीक गळतो आणि वाळून खडा होतो. जुन्या इजिप्तमध्ये मृतदेह टिकवायला तो वापरत. बाळ येशूला पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी जे दिलं त्यात सोनं, ऊद आणि हा, मराठी बायबलात त्याला गंधरस म्हटलंय. या पदार्थाच्या नावाचं मूळ अरबी-हिब्रूच्या घराण्यात आहे आणि तिथे त्याचा अर्थ 'कडू'.

आता 'कडू' हा अर्थ पत्रिकेवर कोण छापणार? कुणीच नाही. गंधरस मात्र छापता येतो.

दिसतं सारखं, नातं काही नाही

मायरा नावाचं एक प्राचीन शहरही आहे. आजच्या तुर्कस्तानात, अंतल्या प्रांतात, आता त्याला देम्रे म्हणतात. चौथ्या शतकात संत निकोलस तिथले बिशप होते. ज्यांच्यावरून पुढे सांताक्लॉज आला ते हेच. कुणी सांगेल की मुलीचं नाव या शहरावरून आलं. स्पेलिंग तेच आहे, पण ग्रेव्हिलने या शहरावरून नाव घेतलं असं मानायला आधार नाही. जोडू नका.

मारवाडी गिऱ्हाइकाला हे नाव सांगितलं तर तो हसेल. राजस्थानात मायरा म्हणजे भाच्यांच्या लग्नात मामाने नेलेला आहेर. नरसी मेहतांच्या नानीबाईच्या मायऱ्याची कथा तिकडे भक्तिभावाने सांगतात. तो शब्द वेगळा, हे नाव वेगळं. पण मुलीच्या मामाला हे जरूर सांगा, त्याला खर्चाची कल्पना आलेली बरी.

'मायरा म्हणजे मायेत रमणारी' असंही एकाने टाइप करायला सांगितलं होतं. मराठी कानाला 'माय' ऐकू येते म्हणून हे सुचतं. सुचू दे, पण मूळ म्हणून छापू नका.

साइट खरी की खोटी, कसं ओळखायचं

इंग्रजीत नाव टाइप करून पुढे 'एटिमॉलॉजी' हा शब्द जोडा, म्हणजे व्युत्पत्तीची पानं वर येतात. नुसतं 'मीनिंग' टाकलं की डायपरच्या जाहिरातींसोबत राजकुमाऱ्या येतात. 'बिहाइंड द नेम' ही साइट बरी आहे, ती १९९६पासून चालू आहे आणि जिथे शंका आहे तिथे 'कदाचित' लिहिते. विक्शनरी हा नेटवरचा शब्दकोश दुसऱ्या मतासाठी चालतो. ऑक्सफर्डचा पहिल्या नावांचा कोश एखाद्या मोठ्या वाचनालयात मिळाला तर त्याच्यासारखं काही नाही.

माझी कसोटी अशी. ज्या पानावर भाषा सांगितलीय, शतक सांगितलंय, माणूस सांगितलाय, ते धरावं. ज्या पानावर एकाच नावापुढे 'संस्कृत, अरबी, ग्रीक, हिब्रू' अशी रांग आहे आणि अर्थ सगळ्यांचा 'सुंदर', ते बंद करावं. आणि तारखा ताडून बघाव्या, कारण घोळ बहुतेक वेळा तिथेच पकडला जातो.

वनेसा घ्या. निम्म्या साइटींवर अर्थ 'फुलपाखरू'. छान वाटतं, पाळण्यावर फुलपाखरं लावता येतात. पण हे नाव इंग्रजी लेखक जोनाथन स्विफ्टने एका कवितेसाठी घडवलं. एस्थर व्हॅनोमरी नावाची त्याची मैत्रीण होती. तिच्या आडनावातलं 'व्हॅन' घेतलं, एस्थरचं लाडकं रूप 'एसा' घेतलं, दोन्ही जोडली. ती कविता छापून आली १७२६ साली. फाब्रिसियस या शास्त्रज्ञाने फुलपाखरांच्या एका गटाला वनेसा हे नाव दिलं १८०७ साली. म्हणजे आधी मुलगी, मग ऐंशी वर्षांनी फुलपाखरू. उलटं छापलं तर वाचणाऱ्याला कळणार नाही हे खरं, पण मुलीला स्विफ्टची ही करामत सांगितली तर तिला जास्त आवडेल असं मला वाटतं.

कियारात दुसराच गुंता. इटालियन क्यारा म्हणजे लॅटिन 'क्लारा', स्वच्छ, उजळ. असिसीच्या संत क्लाराचं नाव. आयरिश कियारा मात्र 'कियार'वरून, म्हणजे काळी, काळ्याभोर केसांची. नाव एकच ऐकू येतं आणि अर्थ समोरासमोर उभे. इथे आईबापानेच सांगायचं, आपण कुणाकडून घेतलं. बहुतेक जण म्हणतात, सिनेमातून. मग अर्थाची ओळ गाळा, सरळ.

कुणी कुणी हे नाव वापरलं, तेही बघा

अर्थापेक्षा कधी कधी हे जास्त कामाचं असतं. मायरा हेस ही इंग्लंडची मोठी पियानोवादक, १८९० ते १९६५. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये ब्लॅकआउटमुळे संध्याकाळचे जलसे बंद पडले, तेव्हा तिने नॅशनल गॅलरीत दुपारच्या जेवणाच्या वेळी मैफली सुरू केल्या. ऑक्टोबर १९३९पासून १९४६पर्यंत त्या चालल्या. गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवली होती, रिकाम्या भिंतींमध्ये लोक बसून ऐकायचे. घरात पेटी-तबला असेल तर ही गोष्ट आजोबांना सांगून बघा, नावाबद्दलची कुरकुर थांबते.

दुसरी मायरा हिंडली. १९६६ साली लहान मुलांच्या खुनांसाठी तिला जन्मठेप झाली. इंग्लंडमधल्या वयस्कर माणसांच्या कानाला हे नाव अजून खटकू शकतं. बारशाच्या घरात हे मी बोलत नाही. पण मुलीचे काका-मामा लंडनला असतील आणि त्यांनी फोनवर विचित्र आवाज काढला, तर कारण माहीत असावं.

तीन लिप्या, एक मुलगी

हा भाग पुण्या-मुंबईच्या लोकांना लागत नाही, आपल्याला लागतो. मराठीत आपण 'मायरा' लिहितो. कन्नडमध्ये तेच इंग्रजीवरून लिहिलं की बहुधा 'मैरा' होतं, आणि शेवटचा काना कधी राहतो, कधी उडतो. दाखल्यावर कन्नड आणि इंग्रजी असतं, पत्रिकेवर मराठी, आणि पुढे शाळेत बाई विचारतात की खरं नाव कुठलं.

म्हणून नाव नोंदवायला जाताना एका चिठ्ठीवर इंग्रजी आणि कन्नड दोन्ही स्वतः लिहून न्या. कन्नड येत नसेल तर शेजाऱ्याकडून लिहून घ्या, बेळगावात कन्नड येणारा शेजारी शोधायला लांब जावं लागत नाही. कन्नडमध्ये 'य' जोडून 'माय्रा' लिहायचं की 'मैरा', हे आधी ठरवा आणि पुढे सगळीकडे तेच ठेवा. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव वर्षाच्या आत घातलं तर पैसे पडत नाहीत. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा आहे, त्यामुळे स्पेलिंगमध्ये 'नंतर बघू' चालत नाही.

शेवटी छापायचं काय

मायरासाठी मी गिऱ्हाइकांना दोन ओळी सुचवते. 'इंग्रज कवीच्या कवितेतून आलेलं नाव' ही एक. 'मायरा : गंधरस' ही दुसरी, पण ती घेणाऱ्याला सांगते की ही शक्यता आहे, पक्कं नाही, म्हणून पुढे 'बहुधा' टाका. 'बहुधा' पत्रिकेवर शोभत नाही म्हणणारे पहिलीवर येतात.

मग आजी पुढे सरकतात. "देवाचं काय न्हाय काय ओ त्यात?" नाही, आजी. त्यावर आमचा जुना तोडगा आहेच. पाळण्यातलं नाव देवीचं ठेवायचं आणि व्यवहारातलं मायरा. आत्या कानात कुर्रर्र करताना दोन्ही सांगते. पत्रिकेवर वर रेणुका किंवा माधवी, खाली मायरा, आणि अर्थ दोन्हींचा. जागा पुरते, फक्त आजोबांच्या पदव्या थोड्या कमी कराव्या लागतात.

प्रूफ हातात आलं की तिन्ही लिप्यांतलं नाव मोठ्याने वाचा, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने चिठ्ठीशी ताडायचं. कन्नडची ओळ ज्याला कन्नड येतं त्यालाच वाचायला द्या. मग सही करा. सही झाली की मी छपाईला लावते, आणि त्यानंतर आत्याला नवीन अर्थ सापडला तर तो तोंडी सांगायचा.